कागदाची हमाली विद्यार्थ्याच्याच माथी का?

बारावीचा निकाल मे महिन्यात लागतो आणि राज्य मंडळाची गुणपत्रिका डिजिलॉकरमध्ये येऊन पडते. मानोरा तालुक्यातल्या एखाद्या तांड्यावरची मुलगी ती मोबाइलवर उघडते, आईला दाखवते, बाप कामासाठी मुंबईकडे गेलेला असेल तर त्यालाही पाठवते. शाळेत कागदी गुणपत्रिकांचा गठ्ठा यायला अजून अवकाश असतो. तरीही तिच्या हाती मंडळाच्या सहीची, नियमाने कागदाच्या बरोबरीची ठरवलेली गुणपत्रिका आलेली असते. मग ती प्रवेशाच्या खिडकीवर जाते. खिडकीतला माणूस मोबाइलकडे ढुंकूनही पाहत नाही. "मोबाइलातलं चालत नाही. ओरिजिनल आन, अन् तीन सेट झेरॉक्स." सोबत आलेला काका हात जोडून म्हणतो, "साहेब, सरकारचंच आहे ना जी ते!" साहेबांनी तोवर पुढच्याला हाक मारलेली असते. वाशीम जिल्ह्यात दर जूनमध्ये, या खिडकीवर नाही तर त्या खिडकीवर, हा खेळ चालतो. आम्ही विचारतो, सरकारचा कागद सरकारच्याच खिडकीवर नाकारण्याचा अधिकार दिला कोणी?

उत्तर ऐकून वाचकांना संताप येईल. त्यांनी तो आवरू नये. हा अधिकार कायद्यानेच दिला आहे!

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. त्याचे चौथे कलम इलेक्ट्रॉनिक दस्तऐवजाला मान्यता देते, पाचवे इलेक्ट्रॉनिक सहीला. सहा, सात आणि आठ ही कलमे सांगतात की सरकारी कार्यालयांतले अर्ज, परवाने, दप्तर, अगदी राजपत्रसुद्धा या रूपात चालेल. आणि नववे कलम? ते बजावते की वरच्या तीन कलमांचा आधार घेऊन कोणत्याही सरकारी खात्याने, किंवा सरकारच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेने, असा दस्तऐवज स्वीकारलाच पाहिजे असा आग्रह धरण्याचा हक्क कोणालाही मिळत नाही. पंगत मांडायची, पाने वाढायची आणि दारावर पाटी लावायची की जेवायला बसण्याचा हक्क कोणी सांगू नये, असला हा कारभार. तो पंचवीस वर्षे चालला आहे आणि एकाही खासदाराला त्याची लाज वाटलेली नाही.

१ जुलै २०१५ रोजी पंतप्रधानांनी डिजिलॉकरचे उद्घाटन केले. ९ जुलै २०१७ रोजी राष्ट्रपतींनी राष्ट्रीय शैक्षणिक निक्षेपागाराचे उद्घाटन केले. देशभरातल्या पदव्या आणि गुणपत्रिका तिथे कायमच्या सुरक्षित राहणार होत्या. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत डिजिलॉकरच्या नियमांत ९-अ हा नियम घातला गेला होता. त्याची भाषा मोठी गोड आहे. डिजिलॉकरमधला दस्तऐवज कागदाच्या बरोबरीचा. घेणाऱ्या संस्थेने तो तिथून उघडला की देणाऱ्या संस्थेने तो थेट तिच्या हाती ठेवला असे मानायचे. वा! पण घेणाऱ्याने तो घ्यावा की नाही? नियम म्हणतो, घेऊ शकतात. 'शकतात'! जानेवारी २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने सगळ्या विद्यापीठांना पत्र लिहून हे दस्तऐवज ग्राह्य धरण्यास सांगितले. पत्रे लिहिण्यात आयोगाचा हात कोण धरणार? ते पत्र कुठल्या फायलीत पडून आहे, हे आमच्या तालुक्यांतल्या प्राचार्यांनी स्वतःच्या मनाला विचारावे.

महाराष्ट्राच्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात परीक्षेचा निकाल तीस दिवसांत, फार तर पंचेचाळीस दिवसांत लावण्याचे बंधन आहे. निकाल देणाऱ्याला घड्याळ बांधले. निकाल घेणाऱ्याला काय बांधले? काहीही नाही. आमच्या साऱ्या डिजिटल कारभाराची हीच गोम आहे. देणाऱ्या टोकाला उद्घाटने झाली, फिती कापल्या गेल्या, जाहिराती झळकल्या. घेणाऱ्या टोकाला एक लाकडी खिडकी तेवढी उरली. दोन टोकांमधले अंतर तुडवायला अठरा वर्षांचे पोर जुंपले आणि त्याला नाव दिले डिजिटल इंडिया.

खिडकीवरून हाकललेल्या मुलीच्या मागे जरा चालू या. ती समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात शिरते. दुकानदार भिंतीवर चिकटवलेला व्हॉट्सॲप नंबर दाखवतो, "याच्यावर टाका." गुणपत्रिका त्याच्या संगणकावर उतरते. फाइल उघडली की सहीच्या चौकटीवर पिवळे प्रश्नचिन्ह दिसते आणि इंग्रजीत लिहून येते की सही पडताळलेली नाही. सही खोटी असते का? मुळीच नाही. आपल्या देशातल्या इलेक्ट्रॉनिक सह्यांची परंपरा प्रमाणन प्राधिकाऱ्यांच्या नियंत्रकाच्या मूळ प्रमाणपत्रापासून सुरू होते. त्या प्रमाणपत्रावर विश्वास ठेव, असे त्या संगणकाला कोणी सांगितलेले नसते, एवढीच गोष्ट. चार क्लिकचे काम, आणि तेही एकदाच करायचे. प्रश्नचिन्ह जाते, हिरवी खूण येते. पण दुकानदाराला ते कुठून ठाऊक असणार? त्याच्या पाठीमागे रांग लागलेली, सोयाबीनच्या पेरणीआधी कर्जाचे कागद करायला आलेले शेतकरी खोळंबलेले. तो आहे तशी फाइल छापतो, प्रश्नचिन्हासकट. मुलगी तो कागद घेऊन परत खिडकीवर जाते आणि आतला माणूस विजयी मुद्रेने नेमक्या त्या ओळीवर बोट ठेवतो. "हे पाय. व्हेरिफाइड नाही असं लिहेल आहे."

मंडळाची खरीखुरी सही, खिडकीवर खोटी ठरली. ठरवली कोणी? संगणकाला चार क्लिक न शिकवणाऱ्या व्यवस्थेने!

यातली ग्यानबाची मेख अशी की हिरवी खूण छापून आली असती तरी त्या कागदाला फारसा अर्थ नव्हता. इलेक्ट्रॉनिक सही फाइलमध्ये असते, शाईत नसते. फाइल छापली की सही मागे राहते आणि कागदावर उतरते ते तिचे चित्र. ते चित्र कोणीही रंगवू शकतो. म्हणून ज्याला कागद हवा आहे त्यानेच फाइल घ्यायची, त्यानेच सही तपासायची आणि मग त्यानेच, आपल्या टेबलावर, आपल्या प्रिंटरवर, आपल्या खर्चाने ती छापायची. छपाई घेणाऱ्याच्या दारात झाली पाहिजे, तपासणीनंतर झाली पाहिजे. आपण छपाई करतो झेरॉक्सच्या दुकानात आणि तपासणी करतो बोट ठेवून. ज्याला तपासता येते ती फाइल नाकारायची आणि ज्याची नक्कल शाळकरी पोरही करील तो कागद 'ओरिजिनल' म्हणून कवटाळायचा, याला कारभार म्हणायचे की बुद्धीचे दिवाळे?

त्या दुकानातल्या संगणकाचीही एक कथा आहे, ती कोणी सांगत नाही. मुलगी निघून जाते, फाइल तिथेच राहते. लग्नपत्रिकांच्या आणि दहाव्याच्या बॅनरच्या फायलींशेजारी गावोगावच्या मुलींचे फोटो, आधार क्रमांक, जन्मतारखा, गुणपत्रिका वर्षानुवर्षे साचत जातात. २०२३ साली संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. कोणत्या तोंडाने केला? सरकारच्याच खिडक्या पोरींना रोज सांगतात की तुमची माहिती आधी चव्हाट्यावर नेऊन ठेवा, मग प्रवेशाचे बोलू.

आता वरच्या मजल्यावरची हुशारी पाहा. अभियांत्रिकी, कृषी, औषधनिर्माणशास्त्र यांच्या केंद्रीय प्रवेशाचे अर्ज ऑनलाइन भरले जातात. मुलाने काय करायचे? डिजिटल गुणपत्रिका छापायची. छापलेला कागद स्कॅन करायचा. स्कॅन अमुक केबीत बसत नाही म्हणून दाबून दाबून लहान करायचा, इतका की गुणांचे आकडे धूसर व्हावेत. मग तो चढवायचा. जागा मिळाली की प्रवेशाच्या दिवशी तोच पुन्हा छापून नेऊन द्यायचा. जो हुशार मुलगा छपाई टाळून मूळ फाइलच आकाराने लहान करून चढवतो, त्याच्या फाइलमधली सही त्या लहान करण्यातच मोडते, कारण सही केलेली फाइल बदलली की सही गेलीच. म्हणजे आपल्या संकेतस्थळांनी अस्सल दस्तऐवज बाद करून टाकण्याची सोय स्वतःच करून ठेवली आहे. हे ज्यांनी रचले त्यांना पगार मिळतो. या जिल्ह्यातला शेतमजूर मात्र पोराच्या एका अर्जापायी दिवसाची मजुरी बुडवतो.

अकरावीचे तर विचारूच नका. २०२५ मध्ये अकरावीचा केंद्रीय ऑनलाइन प्रवेश राज्यभर लागू झाला. पूर्वी मोठ्या शहरांपुरता होता, तो वाशीम, मालेगाव, कारंजापर्यंत आला. २१ मे रोजी नोंदणी सुरू व्हायची होती, पहिल्याच दिवशी संकेतस्थळ कोलमडले आणि २६ मेपासून नव्याने सुरुवात करावी लागली. तेही एक वेळ सोडा. या प्रक्रियेत राज्य मंडळाच्या विद्यार्थ्याचा बैठक क्रमांक टाकला की त्याचे गुण आपोआप येतात. गुण मंडळाने दिलेले, यादी शिक्षण खात्याने लावलेली, जागा त्याच यादीवरून दिलेली. आणि इतके सगळे झाल्यावर कनिष्ठ महाविद्यालय पोराला विचारते, तुझे गुण किती ते कागदावर दाखव! ज्या गुणांवर तुम्ही जागा दिली ते तुम्हाला ठाऊक नाहीत काय? शाळा सोडल्याचा दाखला कागदावर लागतो, तो अजून शाळाच हाताने देते, तिथे आम्ही वाद घालत नाही. गुणपत्रिकेला मात्र ही सबब नाही.

बाहेर हे कसे चालते? अमेरिकेतल्या विद्यापीठांनी १९९० च्या दशकातच एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात विद्यार्थ्याचे गुण थेट संगणकाने पाठवायला सुरुवात केली. त्यासाठी मांडणी ठरली, तिला १३० क्रमांक दिला. ऑस्टिन इथल्या टेक्सास विद्यापीठाने मधला टपालवाला होण्याचे काम पत्करले. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट १३० ही नाहीच. महत्त्वाचा आहे १३१. घेणाऱ्या कॉलेजाने दस्तऐवज मिळाल्याची पोच उलट पाठवायची, तिचा हा क्रमांक. पोच आली की पाठवणाऱ्याची जबाबदारी संपली, घेणाऱ्याची सुरू झाली. आणि विद्यार्थी? तो घरी. ज्या लहान कॉलेजांना मोठी यंत्रणा झेपत नव्हती त्यांनी निदान आलेला दस्तऐवज उघडून वाचता येईल असा छापून काढणारे सॉफ्टवेअर टेबलावर बसवले. एक संगणक, एक प्रिंटर. त्या काळी आमच्या कितीतरी गावांत टेलिफोनची तार पोहोचली नव्हती, हे मान्य. आज गावोगाव चोवीस तास मोबाइल वाजतो आणि आमच्या खिडक्यांनी अजून १३१ चा धडा गिरवलेला नाही.

डिजिलॉकरची रचनाही हेच सांगते. तिच्यात देणारा आहे, घेणारा आहे, मधे संमती देणारा विद्यार्थी आहे. विद्यार्थ्याने 'होय' म्हटले की घेणाऱ्याने दस्तऐवज स्वतः ओढून घ्यायचा. विद्यार्थ्याने तो वाहून न्यायचा असे त्या रचनेत कुठेही नाही. वाहून न्यायला लावले ते आम्ही.

सबबी आम्हाला पाठ आहेत. पहिली सबब, बनावट गुणपत्रिका. अहो, बनावट निघतात त्या कागदाच्याच! लॅमिनेशन केलेला कागद खरा की खोटा हे खिडकीतला माणूस नुसत्या डोळ्यांनी ओळखतो काय? संशय आला तर मंडळाला पत्र, पडताळणीचे शुल्क, आठवडेच्या आठवडे वाट. फाइलची सही क्षणात तपासते आणि एक अक्षर बदलले असले तरी बोंब मारते. बनावटीची खरोखर भीती असलेला माणूस आधी कागद नाकारील.

दुसरी सबब, नेट नसते. मग शाळेतला, कनिष्ठ महाविद्यालयातला पगार शालार्थ प्रणालीतून ऑनलाइन निघतो तेव्हा ते नेट कुठून येते? महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचे अर्ज पुढे सरकवायचे असतात तेव्हा कुठून येते? पगाराच्या दिवशी सर्व्हर चालू आणि प्रवेशाच्या दिवशी लिंक गायब, असे हे अजब नेट फक्त आमच्याच नशिबी आहे काय?

तिसरी सबब जरा गंभीर आहे आणि ती आम्ही हसण्यावारी नेणार नाही. खिडकीतला कारकून सांगतो, "उद्या तपासणीत फाइल निघाली तर ओरिजिनल कुठं म्हणून मलेच धरतील." त्याची भीती खरी आहे. त्याच्यावर आमचा राग आहे, पण तो तिसऱ्या नंबरचा. पहिल्या नंबरचा राग आहे नववे कलम तसेच ठेवणाऱ्या संसदेवर, दुसरा शिक्षण खात्याच्या त्या साहेबांवर ज्यांनी या कारकुनाला 'सही तपासून छापलेली प्रत हीच मूळ प्रत समजावी' एवढे एक वाक्य लेखी दिले नाही. मार्च २०१५ मध्ये राज्य सरकारने साक्षांकित प्रतींचे खूळ मोडून स्वयंघोषणा आणि स्वसाक्षांकन पुरेसे मानले. शासन निर्णय निघाला म्हणून तर गॅझेटेड अधिकाऱ्यांच्या दारात सही-शिक्क्यासाठी ताटकळणे कमी झाले. एका निर्णयाने जे तेव्हा झाले ते आता का होऊ नये?

आणि कोणी आम्हाला मुंबई विद्यापीठाचे उदाहरण सांगू नये. २०१७ मध्ये तिथे लाखो उत्तरपत्रिका एकाएकी संगणकावर तपासायला घेतल्या, निकाल महिनोन्महिने रखडले, अखेर ऑक्टोबरात कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. ती फजिती सॉफ्टवेअरपेक्षा घिसाडघाईची होती. रंगीत तालीम न करता पडदा वर केला. वाशीमने तालीम करावी. एका तालुक्यात आधी चालवून पाहावे, चुका काढाव्यात, मग साही तालुक्यांत न्यावे. घाई करा असे आम्ही म्हणत नाही. आम्ही म्हणतो, सुरुवात तरी करा!

हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. २०१८ मध्ये केंद्राने त्याला आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत घातले. महाराष्ट्रातले असे जिल्हे चारच. ४९ निर्देशांकांवर त्याची प्रगती मोजली जाते. शाळेत वीज आहे का, पुस्तके पोहोचली का, सारे मोजतात. प्रवेशाच्या खिडकीवर एका मुलीला किती हेलपाटे पडले हे मात्र त्या ४९ मध्ये कुठेच नाही. समृद्धी महामार्ग कारंजा, मंगरुळपीर, मालेगाव तालुक्यांतून गेला, डिसेंबर २०२२ पासून त्यावरून मोटारी सुसाट धावतात. त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या गावांतली पोरे एका झेरॉक्ससाठी तालुक्याला दुसरी खेप घालतात. हे तेच वाशीम, जे एके काळी वत्सगुल्म म्हणून वाकाटकांची राजधानी होते. विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट इथे १९३९ मध्ये सापडला. बरे झाले तो राजा आज नाही. नाही तर ताम्रपटाचेही तीन सेट मागितले असते.

या जिल्ह्याची महाविद्यालये ज्या विद्यापीठाला जोडलेली आहेत त्याची स्थापना १ मे १९८३ ची आणि त्याला नाव आहे संत गाडगेबाबांचे. घरातली भांडी विकावी लागली तरी चालेल पण लेकरांना शिकवा, असे गावोगाव ओरडून सांगणारा तो माणूस. ते विद्यापीठ अमरावतीला, वाशीमहून शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहे. कॅनडाला निघालेल्या पदवीधराला तिकडची मूल्यमापन संस्था सांगते की गुणांचा उतारा विद्यार्थ्याकडून नको, विद्यापीठाकडून थेट हवा. सातासमुद्रापलीकडच्या संस्थेला कळते की विद्यार्थी हा टपालवाला नव्हे. आमच्या तालुक्याच्या गावी हे कधी कळणार? गाडगेबाबांनी खराटा हाती घेतला तेव्हा समोरच्या पुढाऱ्याची परवानगी मागितली नव्हती. त्यांच्या नावाच्या विद्यापीठाने मुंबईच्या आदेशाची वाट का पाहावी?

विद्यापीठाने संलग्न महाविद्यालयांना लेखी कळवावे की डिजिलॉकरमधली गुणपत्रिका विद्यार्थ्याच्या संमतीने महाविद्यालयच उघडील, सही तपासील, छापील आणि वर तारीख-वेळेची पोच विद्यार्थ्याच्या मोबाइलवर पाठवील. छपाईचा खर्च महाविद्यालयाचा. प्रवेश शुल्कात तो गुपचूप घुसडला तर त्याचाही हिशेब मागितला जाईल. कनिष्ठ महाविद्यालयांसाठी हेच शिक्षणाधिकाऱ्यांनी करावे. जिल्हाधिकाऱ्यांनी उन्हाळ्यात प्रत्येक संस्थेतला एक कारकून बोलावून एका दुपारी चार क्लिकचे ते मूळ प्रमाणपत्र शिकवावे आणि त्याच दुपारी त्याला निर्भयपणाची लेखी हमी द्यावी. राज्य सरकारने लोकसेवा हक्क कायद्याच्या अधिसूचित सेवांच्या यादीत 'डिजिटल गुणपत्रिका स्वीकारून पोच देणे' ही सेवा घालावी. त्या २०१५ च्या कायद्यात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे. एकदा स्वतःच्या खिशातून पाचशे रुपये गेले की खिडकीतल्या साहेबांना मोबाइलातलंही चालायला लागेल. आणि वाशीमच्या खासदारांनी संसदेत एकच प्रश्न विचारावा की नववे कलम अजून का आहे. उत्तर आले नाही तर तसे मतदारांना येऊन सांगावे.

यापैकी एकाही गोष्टीला अर्थसंकल्पात वेगळी तरतूद लागत नाही, नवी इमारत लागत नाही, फीत कापायला मंत्री लागत नाही. कदाचित म्हणूनच ती आजवर झाली नसावी.

येत्या हंगामात निकालानंतर आमचे वार्ताहर सहाही तालुक्यांतल्या प्रवेशाच्या खिडक्यांवर जातील आणि रांगेत उभे राहतील. ज्या संस्थेत सही तपासून छापणारा संगणक आणि प्रिंटर टेबलावर दिसेल तिचे नाव आम्ही पहिल्या पानावर छापू. ज्या खिडकीतून 'तीन सेट झेरॉक्स' ऐकू येईल तिचेही नाव छापू, तारखेसह, प्राचार्यांच्या खुलाशासाठी शेजारी कोरी चौकट ठेवून.